फेटा, तीन रेघा आणि मधला अंधार

माझ्या सासऱ्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत. त्यांत सासरे मात्र कुठेच नाहीत. पांढराशुभ्र फेटा आहे, त्याखाली विभूतीच्या तीन आडव्या रेघा आहेत, मग पांढऱ्या मिश्या आणि मग एकदम सदऱ्याची कॉलर. या सगळ्याच्या मधे, जिथे माणसाचा चेहरा असतो, तिथे अंधार. सासऱ्यांचा रंग आमच्याकडच्या काळ्या रानाचा आणि कपडे जन्मभर पांढरे. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. तो पांढऱ्याची बाजू घेतो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते मुलीला निरोप देत असल्याचा एक फोटो आहे. पाहणाऱ्याला वाटतं, एक फेटा नवरीच्या गळ्यात पडून रडतोय. आधार कार्डावरचा फोटो सरकारनं कुणाचा म्हणून मान्य केला, ते सरकारलाच माहीत. आजकालचे फोन माणसाचा चेहरा शोधून त्याभोवती चौकोन काढतात. सासऱ्यांच्या वेळी तो चौकोन फेट्यावर पडतो.

या गोष्टीवर आमच्याकडे वर्षानुवर्षं हसणं चालू आहे, आणि सगळ्यात मोठ्यानं सासरेच हसत आल्यामुळे त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मी तर स्वभावानं अपराधी माणूस आहे. कळंबला शाळेत भूगोल शिकवतो. भूगोल शिकवणाऱ्याला अपराधी वाटण्याचं खरं म्हणजे काही कारण नसतं. नद्या आपल्यामुळे आटत नाहीत. तरी मला वाटतं.

गेल्या दिवाळीत आम्ही सासुरवाडीला गेलो होतो. गाव लोहाऱ्याच्या पलीकडे, तिथून कर्नाटकाची हद्द जवळ. सासरे आणि सासूबाई आपसात भांडताना कानडीत भांडतात आणि जावयाचं आगतस्वागत मराठीत करतात. दुपारी ओसरीवर मी आणि सासरे दोघंच होतो. मी त्यांना मामा म्हणतो, सासूबाईंना मामी, आणि मामा मला पाव्हणं म्हणतात. आमच्यात सासरा जावयाकडे कधी काही मागत नाही. जावयानं मागायचं आणि सासऱ्यानं द्यायचं अशी ती जुनी सोय आहे, आणि कुठल्या जावयानं ती मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून मामांनी घसा खाकरला तेव्हा मी सावध झालो नाही.

“पाव्हणं, तुमी मोठा क्यामेरा घेतलाय म्हणं.”

घेतला होता. शाळेच्या सहलींसाठी, असं बायकोला सांगितलं होतं. सहल निघाली नव्हती.

“त्येच्यात माजं तोंड दिसंल आसा एक फोटो काढा की.”

“काढू की मामा. कशाला हवाय? बॅनरला?”

“बॅनर कशाला? माज्या बाबाचा एकबी फोटो न्हाय. म्या ल्हान हुतो तवा गेला त्यो. त्येच्या पाठीवर बसून रानात जायाचो म्या. पाठ आठवती. तोंड न्हाय आठवत.” मग त्यांनी भिंतीवरच्या आपल्याच एका फोटोकडे हनुवटी उडवली. “माज्या नातवांना माजा फेटा आठवंल.”

एवढं बोलून ते उठले आणि गोठ्यात गेले, जावयापुढे नको ते बोलून बसल्यासारखे.

या साध्या मागणीला साधं उत्तर होतं. माणसाला सावलीत बसवायचं, जवळ जायचं आणि फोटो काढायचा. पण मी शिकलेला माणूस. मी कळंबला परत आलो आणि व्हिडिओ बघायला बसलो.

व्हिडिओतला गुरू बर्फाच्या डोंगरावर उभा होता. तो म्हणाला की माणसाच्या डोळ्याला उजेड आणि सावली एकाच वेळी दिसते, कॅमेऱ्याला दिसत नाही, हे फोटोग्राफीचं मूळ दुःख आहे. त्यावर उपाय एचडीआर. कॅमेरा तीन पायांवर घट्ट रोवायचा आणि जागा न बदलता एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे: एक अंधारा, एक बेताचा, एक जळका. मग कॉम्प्युटरवर अंधाऱ्यातून आभाळ घ्यायचं, जळक्यातून सावलीतलं सगळं घ्यायचं, बेताच्यातून बाकीचं, आणि तिन्ही मिसळून एक फोटो करायचा, ज्यात काहीच काळं पडत नाही आणि काहीच जळत नाही. मला ते ऐकून भरून आलं. माझा सासरा आणि विज्ञान यांची इतक्या वर्षांनी गाठ पडत होती. मी ट्रायपॉड मागवला.

सराव म्हणून मी रविवारी मोंढ्यात गेलो. आडतीच्या शेडमध्ये आत अंधार, बाहेर ऊन, मधे सोयाबीनची पोती. गुरूनं सांगितलं होतं तसंच. मी तीन पाय पसरताच शेडमधली बोलणी बंद झाली. एका आडत्यानं गल्ल्यावरून उठून विचारलं, “सर, पंचनामा हाय का?”

“नाही, फोटो काढतोय.”

“व्हय, पर पंचनाम्याचाच न्हवं?”

घरी येऊन तीन फोटो मिसळले. आभाळ आलं, अंधार गेला, पोत्यांवरची शिवण दिसली. फक्त मधून चालत गेलेला एक हमाल तीन ठिकाणी उमटला होता, प्रत्येक ठिकाणी अर्धा आणि आरपार दिसणारा. बायको मागे येऊन उभी राहिली.

“हा मेलेला आहे का?”

“हलला म्हणून तसं झालं. हलायचं नसतं.”

“आणि माझ्या फोनमध्ये हे आधीपासून आहे म्हणे. आपोआप होतं.”

“फोनचं खरं नसतं,” मी म्हणालो. हे मी कोणत्या अधिकारानं म्हणालो, हे मला आजही सांगता येणार नाही.

येळवसेचा मुहूर्त मीच धरला. येळवस म्हणजे आमच्याकडची थंडीतली अमावस्या. त्या दिवशी अख्खा जिल्हा आपापल्या रानात जेवतो. गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीच्या भाकरी, आंबील, आणि येईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. मामा त्या दिवशी ठेवणीतला फेटा बांधतात. मी विचार केला: मागे आभाळ, खाली ज्वारी, मधे मामा. अडचणीची सगळी सामग्री एका जागी. बाभळीच्या गार सावलीत त्यांना बसवून फोटो घेतला असता तर एचडीआरची गरजच उरली नसती, म्हणून तो विचार मी मनातून काढून टाकला.

जेवणं झाल्यावर उन्हं कलली तेव्हा मी मामांना बांधावर उभं केलं, सूर्याकडे पाठ करून. ते अर्धं मडकं आंबील पिऊन प्रसन्न होते.

“पाव्हणं, सूर्व्याकडं तोंड केल्याव तोंड दिसंल का पाठ केल्याव?”

“मामा, यात शास्त्र आहे.”

“आसंल आसंल.”

“आता तीन वेळा आवाज येईल. तोवर अजिबात हलायचं नाही. डोळ्याची पापणीसुद्धा नाही.”

“श्वास?”

“तेवढा घ्या.”

पहिला आवाज झाला. मामा खांबासारखे उभे होते. तेवढ्यात शेजारच्या रानातून त्यांचे बांधकरी, हातातली भाकरी तशीच धरून, ज्वारी तुडवत धावत आले. लांबून त्यांना तीन पायांवरचं यंत्र आणि त्यामागे डोळा लावून वाकलेला एक शर्ट-पँटवाला दिसला होता. आमच्याकडे असं दृश्य एकाच कामासाठी असतं.

“नोटीस न देता मोजणी लावली व्हय रं? सणाच्या दिशी? जेवून तरी देयाचं मानसाला!”

दुसरा आवाज झाला तेव्हा मामा त्यांच्याकडे मान वळवून बघत होते. तिसरा झाला तेव्हा ते परत माझ्याकडे बघत होते आणि ओरडत होते, “आरं मोजणी न्हाय, फोटो हाय, फोटो! जावई हाय त्यो माजा!”

बांधकऱ्यांनी माझ्याकडे, मग बांधाच्या दगडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “जावई मोजणीतबी आसतेत,” ते म्हणाले आणि दगड होता तिथेच आहे याची खात्री करून, आंबील पिऊन मगच परत गेले.

पुन्हा तीन फोटो घ्यायला हवे होते. पण उन्हं उतरत होती, मामी भांडी गोळा करत होत्या, बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, जमलं. हे खोटं होतं.

रानातून सासऱ्यांच्या घरी येऊन दिवेलागणीला लॅपटॉप उघडला. तिन्ही फोटो मिसळताच मामांना दोन नाकं आली आणि कपाळावर विभूतीच्या तीनऐवजी सहा रेघा. सॉफ्टवेअरमध्ये भुतं घालवायचं एक बटण असतं. ते दाबल्यावर एक नाक गेलं. रेघा मात्र जाईनात, तेव्हा मी कपाळ पुसत गेलो, पुसत गेलो आणि सगळ्याच पुसल्या. जन्मात कधी कोऱ्या कपाळानं दारात न उभा राहिलेला माणूस मी कोरा केला. मग सावल्या उजळायची पट्टी सरकवली. चेहरा दिसायला लागला. आणखी सरकवली. आणखी दिसायला लागला. आपण कुठे थांबायला हवं होतं हे ज्याला आयुष्यात कधीच कळलं नाही, त्याच्या हातात अशी पट्टी देऊ नये. मामा गव्हाळ झाले, मग गोरे झाले. आभाळ केशरी होऊन जांभळ्याकडे निघालं. ज्वारीचं एकेक पान तापलेल्या तारेसारखं दिसू लागलं. आणि फेट्याच्या कडेनं, डोकं आणि आभाळ जिथे मिळतं तिथे, एक रुंद पांढरी झळाळी उमटली. गुरूनं एका व्हिडिओत हा दोष म्हणून दाखवला होता. पट्ट्या फार ताणल्या की असं होतं म्हणाला होता. मला ती देवाच्या मूर्तीमागच्या प्रभावळीसारखी वाटली. मला ती शोभेची वाटली.

मामांना आधी दाखवायला हवा होता. ते पहाटे उठून धारा काढायला गेले होते, आणि मला त्यांना चकित करायचं होतं. म्हणून सकाळी, चहा व्हायच्याही आधी, मी तो फोटो सासरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहावं सुचेना. असला फोटो शब्दांत काय सांगायचा? मी नुसते जोडलेले हात टाकले, आदर म्हणून. मग फोन चार्जिंगला लावून आंघोळीला गेलो.

इथे थोडं समजून घ्या. आमच्या भागात डोक्यामागे तेजाचं वलय असलेला फोटो फक्त एकाच प्रसंगी चौकात लागतो. त्यात माणूस असतो त्यापेक्षा गोरा असतो, मागे केशरी ढग असतात आणि खाली जोडलेले हात असतात. आणि तो फोटो सकाळी सकाळी, एकही शब्द न लिहिता, जावयाकडून आला तर काय समजायचं?

अंग पुसत बाहेर आलो तर बायको माझा फोन हातात धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, हे वाईट लक्षण असतं.

“तुम्ही आप्पांना मारलंत.” वडिलांना ती आप्पा म्हणते.

पहिला संदेश तिच्या कुणा चुलतभावाचा: भावपूर्ण श्रद्धांजली. एकदा पहिल्यानं लिहिलं की बाकीचे खात्री करत बसत नाहीत, ते बरोबरी करतात. आप्पा लिंगैक्य झाल्याचं ऐकून धक्का बसला. धक्का बसला. तीव्र धक्का बसला. कालच तर बोलणं झालं होतं, असं लिहिणारे तीन जण होते. त्यांतल्या दोघांशी मामा बोलत नाहीत. एकानं विचारलं होतं, माती किती वाजता. आणि लोहाऱ्याच्या एका बॅनरवाल्यानं, जो या ग्रुपमध्ये कसा हे कुणालाच ठाऊक नाही, तोच फोटो चौकटीत बसवून, कोपऱ्यात समया काढून पाठवला होता: डिझाइन तयार आहे, शोकाकुलांची नावं कळवा.

मी घाईघाईनं लिहिलं: मामा सुखरूप आहेत, हा फक्त एचडीआर आहे. त्यावर एका वडीलधाऱ्यांचं उत्तर आलं: हा आजार कधीपासून होता?

मग बायकोनं फोन हिसकावून घेतला आणि एकेकाला लावत बसली. पण काही जण निघाले होते. आपल्याकडे जिवंत माणसाला भेटायला मुहूर्त सापडत नाही. मेलेल्याकडे मात्र जी मिळेल ती जीप पकडून निघतात.

मामा ओसरीवर बसून चहा पीत होते. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं मी होतं. मी दोनदा पुढे गेलो आणि दोनदा पाण्याचा तांब्या उचलून परत आलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि रडण्याचा सूर उठला. आमच्याकडे बायका घराच्या दारात येऊन रडत नाहीत, गल्लीच्या वळणापासून सुरुवात करतात.

“आरं माज्या वाघा! आरं मला म्हातारीला ठिवून तू म्होरं कसा गेलास रं!”

मामांची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणतात. अणदूरला दिलेली, मामांपेक्षा बरीच मोठी, पाठीतून वाकलेली. ती पदर तोंडाला लावून वळण घेऊन आली आणि तिला ओसरीवर भाऊ दिसला, बशीतला चहा फुंकणारा. तिचा सूर एका अक्षरावर अडकला.

मामांनी बशी खाली ठेवली. त्यांनी आक्काकडे पाहिलं, तिच्या मागून हार घेऊन उतरणाऱ्या भाच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

“थांबलीस का, आक्का? रड की. म्या हाय तवर ऐकू दे तरी कसं रडतीस ते.”

आक्कानं पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या दिशेनं फेकली. नेम चांगला होता. “मुडद्या! जीपमदी माजा जीव गेला आसता की रं!”

मग ती त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवत खरं रडली, त्या आधीच्या रडण्यापेक्षा पुष्कळ बारीक आवाजात. मी सगळं सांगितलं. तीन फोटो, भुतं, पट्टी, जोडलेले हात. कबुली देताना मी काही वगळत नाही. लोकांचा वेळ जातो याचंही मला नंतर वाईट वाटतं.

मामांनी हात पुढे केला. “दावा की मग. कशापायी मेलो ते बगू द्या.”

बायकोनं फोन दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. मामी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

“यार्री इवरु?” मामींनी विचारलं. कानडीत याचा अर्थ, हे कोण हो? परक्या पुरुषाबद्दल विचारावं तितक्या अदबीनं त्यांनी विचारलं.

“म्याच म्हणं,” मामा म्हणाले. त्यांनी चश्मा वर केला, खाली केला. “पाव्हणं, मेल्याव मानूस गोरा हुतो का?”

मी तांब्या खाली ठेवला.

“आन् ईभूत कुटं गेली?”

“मी पुसली, मामा.”

ते हसले नाहीत. इतकी वर्षं स्वतःच्या फोटोवर सगळ्यांत आधी हसणारा माणूस त्या दिवशी हसला नाही. फोन मुलीच्या हातात देत ते एवढंच म्हणाले, “जाऊ द्या. माजं तोंडच फोटोला लागत न्हाय.” आणि बशी उचलली. चहा गार झाला होता, तरी ते तो पीत राहिले, दुसरीकडे बघत.

लोक हसत होते, ओसरीवर चहाची दुसरी खेप आली होती, भाच्यानं हार खुंटीला अडकवला होता. मला मात्र ते “जाऊ द्या” ऐकू येत राहिलं. त्यांनी जावयाकडे जन्मात एकच गोष्ट मागितली होती, आणि मी त्यांना दुसराच कुणी गोरा, कोऱ्या कपाळाचा माणूस आणून दिला होता, वर त्याला मारूनही टाकलं होतं.

मी आत जाऊन कॅमेरा आणला. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. बहुतेक मूळ फोटो दाखवून गुन्ह्याची पद्धत समजावून सांगायची होती. अपराधी माणसाला तेवढीच एक आशा असते. मी मामांच्या आणि आक्काच्या मधे उकिडवा बसलो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पहिला फोटो लावला. अंधारा. आभाळ सुरेख, फेट्याची घडी न् घडी दिसतेय, खाली काळं.

“ह्यो न्हेमीचा,” मामा म्हणाले.

दुसरा. मान वळलेली, थोडं काळं, थोडं करडं. “ह्येच्यात बांधकरी बोलावतोय.”

मी तिसरा लावला. हा जळका. मिसळल्यावर टाकून द्यायचा कच्चा माल. त्यात आभाळ नव्हतंच, नुसता पांढरा कागद. ज्वारी नव्हती. फेटा त्या पांढऱ्यात विरघळून गेला होता, सदराही. आणि त्या सगळ्या पांढऱ्याच्या मधे एक काळा चेहरा होता. बांधकऱ्यांना ओरडून सांगत असल्यामुळे तोंड अर्धं उघडं. डोळ्यांच्या कडांना चिरा, गालावर खालपर्यंत गेलेली एक खोल घडी, डाव्या भुवईत वासराच्या शिंगाची जुनी खूण, खालच्या ओठाला मधोमध एक खाच. कपाळावर तीन रेघा, तीनच. काळा रंग काळाच होता, पण त्यात काय काय होतं ते सगळं दिसत होतं.

मामांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. पट्टा माझ्या गळ्यात असल्यामुळे मीही त्याच्याबरोबर ओढला गेलो आणि तसाच, मान वाकडी करून बसून राहिलो. मी म्हणालो, “हा बिघडलेला आहे, मामा. फेटा जळालाय.”

“फेटा दोरीवर वाळतोय,” ते म्हणाले. “त्यो कसा दिसतो ते ठावं हाय मला.”

आक्का केव्हाची वाकून बघत होती. तिला नीट दिसत नाही, म्हणून तिनं नाक पडद्याला टेकेपर्यंत जवळ नेलं. मग तिनं बोट ठेवलं, त्या ओठाच्या खाचेवर.

“आरं, बाबा हाय की ह्यो.”

“म्या हाय, आक्का.”

“तू गप रं. तुला काय आठवतंय? म्या बघितलाय बाबाला. डोसकं कायम उघडं आसायचं त्येचं. आन् आस्सं तोंड करून ओरडायचा, बैलांवर, माज्यावर. ही खाच बग. बाबाच हाय.”

मामांनी पडद्याकडे पाहिलं. मग ओसरीवर खांबाला अडकवलेला, विभूती लावताना ते वापरतात तो छोटा आरसा काढून घेतला आणि एकदा त्यात, एकदा कॅमेऱ्यात असं बघत बसले. सगळ्यांचं बोलणं चालूच होतं. बॅनरवाल्याचा फोन आला होता आणि बायको त्याला सांगत होती की शोकाकुल कुणी नाही, ऑर्डर रद्द. माझ्या मानेला रग लागली होती, पण पट्टा सोडवावासा वाटेना.

त्यानंतर मी लोहाऱ्याला जाऊन तो फोटो छापून घेतला. स्टुडिओवाला म्हणाला, सर, मागचं सगळं उडालंय, फेटा लावून देऊ का? मग म्हणाला, निदान थोडा गोरा तरी करू. त्याच्या हाताखाली तीच ती पट्टी होती आणि त्याचं बोट तिच्यावर होतं. मी कुणाशी जेवढ्या मोठ्यानं बोलत नाही, तेवढ्या मोठ्यानं नको म्हणालो, आणि मग दुकानाबाहेर जाऊन परत आत येऊन त्याची माफी मागितली.

छापून दोन घेतले. आक्काची तशी ताकीद होती. तीन फोटोंचा एक करायला मी शिकलो होतो. निघाले एकाचे दोन. एक मामांच्या ओसरीवर आहे, आरशाशेजारी, कारण जिवंत माणसाचा फोटो मधल्या भिंतीवर लावायला मामींचा विरोध आहे. दुसरा अणदूरला आक्काच्या घरी मधल्या भिंतीवरच आहे, देवांच्या रांगेत, काचेवर कुंकवाचं बोट आणि वर हार. त्या दिवशीचा तो खुंटीवरचा हारच तिनं जाताना बरोबर नेला होता. तिथे तो मामांचा फोटो नाही. तिथे तो बाबांचा आहे.

परवा आम्ही सगळे अणदूरला गेलो होतो. मामांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, सरळ मधल्या खोलीत गेले आणि स्वतःच्या फोटोपुढे हात जोडून, मान खाली घालून बराच वेळ उभे राहिले. मी दारात घुटमळत होतो. असल्या जागी हसावं की गंभीर व्हावं, हे मला कळत नाही.

मामा मागे वळले.

“पाव्हणं, उबं काय ऱ्हायलाव? पाया पडा. आजेसासरं हायेत तुमचं.”

मी पडलो.